५० केबीत मावणारा माणूस

ऑनलाइन अर्ज भरताना नाव, पत्ता आणि जन्मतारखेपर्यंत माझे सारे सुरळीत चालते. खरी परीक्षा ‘छायाचित्र जोडा’ या चौकटीपाशी सुरू होते. रुंदी २०० पिक्सेल, उंची २३० पिक्सेल, वजन २० ते ५० केबी. मोबाइलमधला माझा फोटो ३००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा. त्याचे ४६ हजार ठिपके करायचे आणि तरीही मी मीच दिसलो पाहिजे, अशी ही अपेक्षा आहे.

लांबी-रुंदीचे प्रमाण न पाहता फोटो चौकटीत कोंबला, तर गाल दोन्हीकडे पसरतात आणि कष्टाने कमी केलेले वजन क्षणात परत येते. म्हणून आधी डोक्यावरची भिंत छाटून तो ३००० बाय ३४५० करावा लागतो. त्यानंतर मूळच्या १५ बाय १५, म्हणजे २२५ ठिपक्यांच्या जागी एकच ठिपका उरतो. आळशी सॉफ्टवेअर त्यांतला कोणताही एक उचलते आणि बाकीच्यांची वासलात लावते. मग चष्म्याच्या काडीला पायऱ्या पडतात आणि चौकड्यांच्या शर्टावर मुळात नसलेल्या लाटा उसळतात. फोटो लहान करण्याची लँक्झॉससारखी गणिती पद्धत मात्र आजूबाजूच्या सगळ्या ठिपक्यांचे मत घेऊन, जवळच्यांना अधिक मान देऊन निर्णय करते, आणि शर्ट शर्टच राहतो.

एवढे सोपस्कार करून जेपीईजी, म्हणजे काही बारकावे गाळून आटोपशीर केलेली फोटोची फाइल, जतन करावी, तर ती भरते १४ केबी! अर्ज म्हणतो, फोटो फार लहान आहे. जाणकार सांगतात, गुणवत्तेची पट्टी १०० वर सरकवा. पण ती फाइल पुन्हा उघडून १०० वर जतन केल्याने केबी वाढतात, तपशील वाढत नाही. जेपीईजीने ८ बाय ८ च्या चौकोनांत चिरून जे बारकावे एकदा टाकून दिले, ते परत येत नाहीत. त्यामुळे मी दर वेळी मूळ फोटोकडेच परत जातो, छाटतो, लहान करतो, किंचित धार देतो आणि एकदाच जतन करतो. डीपीआयच्या, म्हणजे इंचामागे किती ठिपके या रकान्यात ७२ लिहा वा ३००, पडद्यावर तसूभरही फरक पडत नाही. तो आकडा छापणाऱ्यासाठी असतो, तरीही अर्ज तो मोठ्या निष्ठेने विचारतो.

अखेर फोटो स्वीकारला जातो. पुढच्या पानावर सहीची प्रतिमा मागितलेली असते, १४० बाय ६० पिक्सेल आणि किमान १० केबी. पांढऱ्या कागदावरच्या माझ्या दोन फराट्यांनी एवढे वजन आणायचे कुठून?