महाराष्ट्रावर अन्याय म्हणे. कुठल्या महाराष्ट्रावर?

सकाळपासून डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढं जा.

अठरा वर्षांखालच्या मुलींच्या रग्बीच्या राष्ट्रीय शिबिराची यादी आज एका ग्रुपवर पडली. पोरींचं अभिनंदन राहिलं बाजूला, पहिलाच मेसेज: "परत ओडिशा-बिहार. महाराष्ट्रावर नेहमीचा अन्याय." त्याखाली अंगठ्यांची रांग आणि लालबुंद तोंडं. लिहिणारे सर मुंबईतले, या खेळातले जुने, माणूस म्हणून वाईट नाहीत. मी एवढंच विचारलं, की सर, आपल्या राज्याच्या संघात परभणी, हिंगोली, जालना, नंदुरबार, गडचिरोली यातल्या किती पोरी होत्या? बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं: "मॅडम, सिलेक्शन मेरिटवर होतं."

म्हणजे वरच्यांनी आपल्याला घेतलं नाही की अन्याय, आणि आपण खालच्यांना घेतलं नाही की मेरिट. छान आहे.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये नवीन आलेल्यांसाठी सांगते. मी जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत खेळाची बाई. कबड्डी, खो-खो, गोळाफेक, जे पडेल ते. रग्बी आमच्याकडं आली ती मी एका प्रशिक्षणातून एक चेंडू घेऊन परतले म्हणून. पोरींना पकडायला शिकवावं लागलं नाही. कबड्डीत चवडा धरून बसणारी पोर कंबर सोडते होय? शिकवावं लागलं ते पडायला. शाळेचं ग्राउंड म्हणजे नुसता मुरूम, त्यावर पाडलं की कोपर सोललंच. म्हणून सोयाबीन निघालं की एका पालकाचं वखरलेलं रान मागून घेतो. आधी धसकटं आणि दगड वेचायचे, मोठी ढेकळं फोडायची, मग टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून पाडायचं. पोरी घरी जाताना केसांत काळी माती, आणि त्यांच्या आया माझ्या नावानं बोटं मोडतात. चेंडू अजून तोच आहे. वरचे दाणे पार झिजलेत, ओला झाला की हातात राहत नाही.

त्यातली एक पोर. तिला इथं धाकली म्हणते, नाव लिहिलेलं तिला आवडायचं नाही. वडील काळी-पिवळी चालवतात. मीच तिला राज्याच्या चाचणीला घेऊन गेले होते. कुठली चाचणी, कुठलं मैदान ते लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या खेपेला त्याचे भोग माझ्या पोरी भोगतील.

मुंबईत रग्बी पावसाळ्यात खेळतात. जिमखान्यांची जुनी रीत आहे ती, असू दे. जिंतूरहून एसटी, परभणीहून देवगिरी, जनरलचा डबा, रात्रभर दाराशी बसून. उतरलो तेव्हा सात वाजून गेलेले, रिपोर्टिंग आठला. मैदानात वर हिरवंगार गवत आणि खाली चिखल, आणि धाकलीच्या पायात सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट. पहिल्याच वळणाला पाय सटकला. मुंबईच्याच एका पोरीनं आपले जादाचे स्टडवाले, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट काढून दिले, देव तिचं भलं करो. दोन नंबर मोठे होते, पुढं मोजे कोंबले.

फॉर्ममध्ये रकाना होता, 'क्लबचे नाव'. धाकली म्हणाली, "मॅडम, क्लब म्हंजे?" तिथं शाळेचं नाव लिहिलं. पाठीवर नंबर म्हणजे मार्करनं लिहिलेला कागद, टाचणीनं लावलेला. मुंबईच्या पावसात मार्कर किती टिकणार? अर्ध्या तासात नुसता निळा ओघळ.

आणि मग तिनं तो टॅकल केला. समोरची पोर हिच्यापेक्षा हातभर उंच, कडेच्या रेषेजवळून सुटलेली, मागं अडवायला कुणी नाही. धाकली त्या मोठ्या बुटांत तिरकी धावली, खांदा मांडीत घातला, डोकं मागच्या बाजूला, दोन्ही हात गुडघ्यापाशी आवळले आणि तिला आडवी केली. पडल्या पडल्या स्वतः उठून चेंडूवर उभी. मी काही अंतरावर छत्री धरून होते, सगळं ऐकू येत होतं. एक निवडकर्ते म्हणाले, "अरे, ही कोण?" दुसऱ्यांनी हातातल्या कागदावर बोट फिरवलं, पाठीकडं पाहिलं, परत कागदाकडं पाहिलं. "वाचता येत नाहीये. असू दे. पुढची जोडी घ्या."

असू दे!

ज्यांना ते ओळखत होते त्यांना नंबर लागतच नव्हता. त्यांना नावानं हाका होत्या, "शाब्बास", "लवकर पास कर गं". दर शनिवार-रविवारी त्याच पोरी बघतात, ओळखणारच. कुणी पैसे खाल्ले असं माझं म्हणणं अजिबात नाही. खाल्ले असते तर बरं झालं असतं, तक्रार तरी करता आली असती. इथं कुणाच्याच मनात काही वाईट नसतं आणि तरी संघ दरवर्षी दोन-तीन शहरांचाच होतो.

कारण साखळी अशी आहे. राज्याची चाचणी एका दिवसात, एका गावात. त्यातून राज्याचा संघ. तो संघ राष्ट्रीय स्पर्धेला जातो, तिथं वरचे प्रशिक्षक बघतात, मग शिबिर, मग देशाचा संघ. पहिल्या दिवशी जी दिसली नाही ती पुढं कुणालाच दिसत नाही. सेव्हन्स म्हणजे रग्बीचा छोटा प्रकार: एक अर्धा सात मिनिटांचा, मैदानात सात जणी, अख्खा संघ बारा-तेरा जणींचा. त्यात "बघू पुढच्या वर्षी" म्हणेपर्यंत पोरीचं वय निघून जातं. जागा कमी, ठीक आहे. पण चाचणी कुठं आणि कुठल्या ऋतूत ठेवायची हे ठरवतानाच निम्मी यादी ठरलेली असते, त्याला कुठलं मेरिट म्हणायचं?

आता ओडिशा-बिहार. यांच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी जरा तिकडं बघावं. भुवनेश्वरच्या 'किस' या आदिवासी मुलांच्या निवासी संस्थेतली पोरं 2007 मध्ये लंडनला जाऊन चौदा वर्षांखालची आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून आली. तेव्हा आपल्याकडं रग्बी म्हटलं की लोक अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट शोधायचे. तिथं पोरांना वसतिगृह आहे, जेवण आहे, शाळा तिथंच, मैदान तिथंच. बिहारनं 'मेडल लाओ, नौकरी पाओ' काढलं. श्वेता शाही नालंदा जिल्ह्यातल्या खेड्यातली, स्वीटी कुमारी बाढकडची, दोघी देशाकडून खेळल्या. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांखालची आशियाई सेव्हन्स राजगीरला भरली. राजगीरला, पाटण्यालासुद्धा नाही! भारताच्या मुलींनी तिथं कांस्य घेतलं. जलपायगुडीत सरस्वतीपूर नावाचा चहाचा मळा आहे, तिथल्या मळेकामगारांच्या पोरी देशाच्या संघात गेल्या, कारण कोलकात्याच्या क्लबवाले चेंडू घेऊन मळ्यात गेले. मळ्यातल्या पोरींनी सकाळी आठला कोलकात्यात हजर व्हावं असं कुणी म्हणालं नाही.

त्याच कोलकात्यातला गोऱ्यांचा जुना रग्बी क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी कप केला आणि इंग्लंडला दिला. इंग्लंड-स्कॉटलंड अजून त्या कलकत्ता कपासाठी खेळतात. तेव्हापासून हा खेळ आपल्याकडं बंदराच्या शहरांत आणि जिमखान्यांत राहिला. तिथून तो पहिल्यांदा बाहेर काढला ओडिशा-बिहारनं, आणि आपण म्हणतोय आपल्यावर अन्याय.

लिहिता लिहिता परत ते "असू दे" आठवलं. बिब, म्हणजे टी-शर्टवरून घालायचं नंबरचं बनियन, शे-दीडशे रुपयांना मिळतो हो. शे-दीडशे!

बरं, हे फक्त आपल्याकडंच चालतं असं नाही. दक्षिण आफ्रिकेत 1964 पासून क्रेव्हन वीक भरतो, प्रांतांच्या शालेय संघांची स्पर्धा. त्यातूनच त्यांचा देशाचा शालेय संघ निवडतात. स्पर्धा दरवर्षी वेगळ्या गावात नेतात, हे घ्यावं त्यांच्याकडून. पण तिथंही प्रांताच्या संघात शिरायला नावाजलेल्या शाळेचा ब्लेझर अंगावर असला की सोपं जातं. सिया कोलिसी झ्वीडे या गरीब वस्तीतला. बारा वर्षांचा असताना एका स्पर्धेत कुणाच्या तरी नजरेत भरला, मोठ्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढं देशाचा कर्णधार झाला. त्याच्याच संघातल्या मापिम्पीकडं लहानपणी कुणाची नजरच गेली नाही. ईस्टर्न केपमधल्या खेड्यातला मुलगा, नामांकित शाळा नाही, क्रेव्हन वीक नाही. पहिली कसोटी 2018 मध्ये, सत्ताविशीत. आणि 2019 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, योकोहामाला, इंग्लंडविरुद्ध 32-12 जिंकले तेव्हा संघाचा पहिला ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडं टेकवणं) त्याचा. त्याआधी दोन अंतिम सामने जिंकले होते त्यांनी, पण ट्राय एकही नव्हता. तो सामना मी मोबाईलवर पाहिला आणि शेजारच्या खोलीतून सासूबाई धावत आल्या, एवढी ओरडले. असले किती मापिम्पी सत्ताविशीपर्यंत थांबू शकतात? आमच्याकडं तोपर्यंत पोरीच्या कडेवर पोर असतं.

तिथं आता कृष्णवर्णीय खेळाडूंच्या कोट्यावरून भांडणं चालतात, मला माहीत आहे. कोटा म्हणजे सगळ्यावर औषध नाही, मान्य. मुंबई-पुण्याच्या पोरी खरंच चांगल्या खेळतात, हेही मान्य. निवडकर्ते बिनपगारी येतात, पावसात उभे राहतात, मान्य. आणि आमच्याकडच्यांचंही काही सांगू नका. काही जिल्ह्यांचे संघ फक्त कागदावर असतात, प्रमाणपत्रापुरते, आणि त्या कागदावर कुणाची भाची, कुणाची पुतणी असते. अशा जिल्ह्यांमुळं माझ्यासारखीनं तोंड उघडलं की लोक हसतात. झालं? सगळं मान्य केलं. आता माझं एक मान्य करा, की जी दिसलीच नाही तिचं मेरिट तुम्ही मोजलेलं नाही.

क्रिकेटमध्ये हेच झालं ना? राज्य एक, पण रणजी स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ वेगळे. विदर्भाला कोण विचारत होतं? पण संघ त्यांचा, मैदानं त्यांची, बघणारे त्यांचे, आणि 2017-18 ला रणजी जिंकले, पुढच्या वर्षी परत, 2024-25 ला परत. मराठवाड्याला वेगळा रग्बी संघ द्या असं मी म्हणत नाही, एवढी वेडी नाही. राज्याची चाचणी दोन-तीन ठिकाणी घ्या. एकदा लातूरला घ्या, एकदा अमरावतीला, आणि मुंबईच्या पोरींना एकदा रात्रभर बसून येऊ द्या. मोबाईलवर शूटिंग करा आणि चहा पिताना परत बघा, निळा ओघळ कुणाचा होता ते कळेल.

परतीच्या गाडीत धाकली मनमाडपर्यंत काही बोलली नाही. वडा-पाव घेतला, तो तसाच हातात. मग म्हणाली, "मॅडम, कामून घेतलं नाही मला? मी पाडलं ना तिला?" पाडलंस की गं. मी पाहिलं. पण माझ्या पाहण्याला यादीत जागा नाही. तिला मी नंबरच्या कागदाचं काही सांगितलं नाही. सांगून तरी काय, की बाई तू चांगली खेळलीस पण शाई वाईट होती?

तिच्या वडिलांना मात्र सगळं सांगावं लागलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याच कोणाच्या वळखी नाहीत." रागानं म्हणाले असते तर मला सोसलं असतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के जागा आहेत, हे त्यांना मीच सांगितलं होतं, पोरीला खेळू द्या म्हणून पटवताना. संघात नाव नसेल तर प्रमाणपत्राचा प्रश्नच येत नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर त्या 5 टक्क्यांचं काय लोणचं घालायचं? मुंबईच्या सरांच्या क्लबातल्या पोरी संघात नसल्या तर हळहळतील आणि कॉलेजला जातील. आमच्याकडं ओट्यावर पाहुणे येऊन बसतात.

धाकलीचं वय अजून आहे. तिच्यासाठी या महिन्यात दोनदा पाहुण्यांना चहा झाला, तिच्या आजीनं दोन्ही वेळा परत लावलं. आजीला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. "पोर पळतीया तवर पळू द्या" एवढंच म्हणते. आमच्या गावात या खेळाची खरी संघटना म्हणजे ही आजी.

तर पुढची चाचणी परत पावसाळ्यात आणि परत मुंबईतच असणार, हे धरून चाललेय. आमच्या शिंप्याकडून पिवळ्या कापडाचे आकडे कापून घेतलेत, टी-शर्टवर शिवून नेणार. नियमात बसत नाही म्हणाले तर तिथंच भांडेन. यावेळी चौघी येतायत. आदल्या रात्री पोचायचा विचार आहे, म्हणजे पोरी झोपून तरी उठतील. दादर-परळ भागात कुणाकडं हॉलमध्ये सतरंजीपुरती जागा असेल तर सांगा, डबे आम्ही आणू. आणि स्टडवाले बूट हवेत, जुने चालतील, फक्त तळ उकललेला नको. नंबर 3, 4, 4 आणि 6. सहा नंबरचे आधी बघा, ते धाकलीचे. पोस्टला अंगठे नकोत, बुटांचे फोटो इनबॉक्सात टाका.