ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ग्लीसन स्कोअर बघा

प्रोस्टेट कॅन्सरवरच्या लेखातला 'निदान झालं की लवकरात लवकर प्रोस्टेट काढून टाका' हा सरसकट सल्ला पटला नाही. ग्लीसन स्कोअर म्हणजे बायोप्सीतल्या पेशी किती आक्रमक दिसतात याचे दोन आकडे, सर्वात जास्त दिसणाऱ्या प्रकाराचा आधी. ३+४ आणि ४+३, दोन्हींची बेरीज ७च. पण ४+३ मध्ये आक्रमक पेशी जास्त, म्हणून तो ग्रेड ग्रुप (आक्रमकतेची १ ते ५ श्रेणी) ३, आणि ३+४ हा २. स्कोअर ३+३, पीएसए (प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाची रक्ततपासणी) १० च्या आत आणि गाठ ग्रंथीपुरतीच असेल तर सहसा देखरेख पुरते: दर ६ महिन्यांनी पीएसए, मधे एमआरआय, वर्षभराने पुन्हा बायोप्सी. ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासात १,६४३ पुरुष होते. १५ वर्षांनी देखरेख, शस्त्रक्रिया, रेडिएशन तिन्ही गटांत या कॅन्सरने मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपास. कॅन्सर पसरण्याचं प्रमाण मात्र देखरेखीत साधारण दुप्पट, त्यामुळे तपासण्या चुकवून चालत नाही. (शस्त्रक्रियेनंतर लघवी गळणं आणि लैंगिक अडचण, रेडिएशननंतर शौचाच्या तक्रारी, हेही आधीच विचारा.)

फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटवरची औषधं) चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच. सहा महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो. ४ दिसला तर ८ धरायचा. हे फार जण विसरतात. आणि दुसरं मत घ्यायला नुसता रिपोर्ट नको, लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) मागून न्या.