नागपूर-पुणे विमान '५० मिनिटांत' पोचत नाही

'नागपूर-पुणे ७२० किलोमीटर, विमानाने फक्त ५० मिनिटं' असा मेसेज कालपासून फिरतोय. दोन्ही आकडे चुकीचे अर्थ लावून जोडलेत.

सातशेच्या पुढचं अंतर रस्त्याचं आहे. हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर भरतं. नकाशावर मी स्वतः मोजलं: दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत अडीच अंशांचा फरक, म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण २७९ किलोमीटर. रेखांशांत पाच अंशांहून थोडा जास्त, म्हणजे पूर्व-पश्चिम ५३६. या दोन बाजूंचा कर्ण काढा, ६०५ च्या आसपासच येतो.

आता वेळ. ७२० ला ताशी ८५० ने भागून कुणीतरी ५० मिनिटं काढलेली दिसतात. पण तो वेग उंचावर गेल्यावरचा. चढताना, उतरताना विमान बरंच हळू असतं. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पुण्यात जागेवर लागलं की संपते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यातच. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी तर हवाई दलाचीही आहे. म्हणून वेळापत्रकात साधारण सव्वा ते दीड तास दिसतो.

दवाखान्याची अपॉइंटमेंट, मुलांची परीक्षा, पुढची गाडी त्या ५० मिनिटांच्या हिशोबावर ठरवू नका. चेक-इन काउंटरही सहसा तासभर आधी बंद होतो, तो वेळ वेगळा धरा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.