पुढचा जन्म विनोदी मालिकेत घ्यायचा असेल तर

जुन्या अमेरिकी विनोदी मालिकेत जन्म घ्यायचा तुमचा बेत उत्तम आहे. कामधंदा बेताचा, फ्लॅट ऐसपैस आणि तोंड उघडलं की हसायला माणसं तयार! फक्त थोडं पथ्य सांभाळा.

थोरला मुलगा होऊ नका. ‘हॅपी डेज’मधल्या कनिंगहॅम दांपत्याला चक नावाचा थोरला होता. दुसऱ्या सीझनात तो गेला. वारला नाही, परगावीही नाही, नुसता गेला. आईने टिपूस गाळलं नाही, आणि १९८४ साली मालिका आटोपताना बापाच्या लेखी मुलं दोनच! धाकट्यांनीही गाफील राहू नये. ‘फॅमिली मॅटर्स’मधली ज्यूडी अशीच उडाली.

वडील वारले तर श्राद्धाची घाई नको. ‘चिअर्स’मध्ये फ्रेझर क्रेनचे वडील शास्त्रज्ञ होते, आणि दिवंगत. १९९३ मध्ये फ्रेझरला स्वतःची मालिका मिळाली आणि कैलासवासी शास्त्रज्ञ निवृत्त पोलीस होऊन, आरामखुर्ची आणि कुत्र्यासकट मुक्कामाला आले. पुढे जुन्या मित्राने छेडलं, तेव्हा फ्रेझर म्हणाला की तेव्हा आमचं भांडण झालं होतं. मला तर हा खुलासा मूळ चुकीपेक्षा आवडतो. किती घरांत चालेल!

लष्करात जाणार असाल तर ‘मॅश’ निवडा. तीन वर्षांचं कोरियन युद्ध तिथे अकरा सीझन चाललं. डॉक्टर हॉकआयला आधी आई आणि बहीण होती. नंतर तो एकुलता एक, आणि आई लहानपणीच वारलेली. कर्नल पॉटर सप्टेंबर १९५२ मध्ये रुजू झाले, पण पुढच्या एका भागात १९५०चा थर्टीफर्स्ट त्यांनी त्याच छावणीत साजरा केला. रुजू होण्याआधीची हजेरी आपल्या सरकारी खात्यांनाही अजून जमलेली नाही.

लेखकांना मात्र जाब विचारू नका. त्यांना या आठवड्याचा हशा हवा होता. वीस-तीस वर्षांनी कुणी मध्यरात्री पॉज करून दारावरचा नंबर वाचत बसेल, हे त्या बिचाऱ्यांना कसं सुचावं? तरी तुम्ही बसा. ‘फ्रेंड्स’मध्ये मोनिकाचा ५ नंबरचा फ्लॅट सामान न हलवता २० नंबरचा झाला, हे जगाला सांगायला कुणीतरी हवंच.

आणि भाडेकरार वाचून सही करा. ‘आय लव्ह लूसी’तलं रिकार्डो दांपत्य मॅनहॅटनमध्ये ६२३, ईस्ट ६८ स्ट्रीटला राहायचं. तो रस्ता या नंबराच्या आधीच संपतो, पुढे ईस्ट रिव्हर. भाडं कमी करून मागा, आणि पोहायला शिका.