आमचंच गिऱ्हाईक आम्हालाच विकतात

पैसे भरून ऑनलाइन डिरेक्टरीत दुकानाचं नाव टाकलं की धंदा वाढतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एप्रिल-मे महिन्यात आमचा फोन चार दिवस सांभाळून दाखवावा. नवरा एसी दुरुस्त करतो, फोन मी उचलते आणि हिशेबाची वहीही माझ्याकडेच असते. त्यामुळे पुढचं काहीच ऐकीव नाही.

आधी ते "लीड" काय असतं ते ऐका. लीड म्हणजे काम नव्हे. कुणीतरी घरी बसून एसी रिपेअर असं शोधतो, आपला नंबर टाकतो, आणि ते नाव-नंबर आम्हाला मेसेजने येतं. आमच्याबरोबर त्याच क्षणी आणखी पाच-सहा दुकानांनाही जातं, हे पॅकेज विकताना कुणी सांगत नाही. मी गॅस बारीक करून फोन लावेपर्यंत समोरचा माणूस पेटलेला असतो. "अहो, किती जण फोन करताय? मी फक्त रेट बघत होतो!" त्याचं तरी काय चुकलं? त्या बिचाऱ्याने एकदाच नंबर दिला होता. जो उरतो तो विचारतो, "दुसरा चारशेत येतोय, तुम्ही कितीत येता?" म्हणजे पैसे आम्ही भरायचे आणि एकमेकांचे भावही आम्हीच पाडायचे.

आणि कसले कसले फोन! जुना एसी विकत घ्याल का. लग्नाच्या हॉलसाठी कूलर भाड्याने मिळेल का. मुलाला एसीचा कोर्स करायचाय, फी किती. एकाने तर गोड बोलून सगळे रेट काढून घेतले, आणि नंतर कळलं की तो पलीकडच्या गल्लीतला आमच्याच धंद्यातला होता. यातलं एकही लीड परत घेत नाहीत. नंबर लागला, माणूस बोलला, की लीड "व्हॅलिड". तो काय बोलला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

आम्ही डोंबिवली पूर्वेला. डिरेक्टरीच्या लेखी कुलाब्यापासून बदलापूरपर्यंत सगळी मुंबईच. एकदा लीड आलं दहिसरचं. स्कूटरवर शिडी आणि जेट पंप लादून एका वेट सर्व्हिससाठी, म्हणजे एसी पाण्याने धुऊन द्यायला, डोंबिवलीहून दहिसर! कल्याण-शीळ रोडवरच अर्धा दिवस जाईल, घोडबंदर तर पुढेच राहिलं. म्हटलं, आम्हाला फक्त डोंबिवली, ठाकुर्ली आणि पलावा द्या. तर म्हणे, एरिया लॉक करायचं पॅकेज वेगळं असतं मॅडम. अर्थात महाग.

आता वही उघडते. पॅकेज महिन्याला तीन हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. मोठ्या कंपनीला तो जीएसटी परत वळता करून घेता येतो. आमच्यासारख्या सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसली की वळतं करून घेणंही नाही. ते ५४० रुपये गेले ते गेलेच. वेट सर्व्हिसचे सहाशे घेतले तर हेल्परचा रोज, पेट्रोल आणि पंपाची झीज वजा जाता हातात अडीचशे राहतात. म्हणजे महिन्याची पहिली चौदा-पंधरा कामं नुसती त्या डिरेक्टरीच्या नावाने करायची. तीही फक्त त्यांच्याकडून आलेली हवीत. हा हिशेब मी त्यांच्या माणसासमोर मांडला. तो म्हणाला, "मॅडम, ब्रँडिंग पण बघा ना." डोंबिवलीतल्या एसीवाल्याला ब्रँडिंग! पावसाळ्यात तीन महिने हात बांधून बसतो आम्ही, तेव्हा हे ब्रँडिंग हप्ता सोडतं का? नाही. हप्ता बारमाही असतो.

हप्त्यावरून आठवलं. सही घेताना सगळं तोंडी. "कधीही बंद करा मॅडम, काही प्रॉब्लेम नाही." कागदावर बारा महिने, आणि खात्यातून आपोआप पैसे कापायचं मँडेट. दोन महिन्यांत बंद करा म्हटलं तर जो सही घेऊन गेला तो नोकरी सोडून गेलेला, नव्याला काही माहीत नाही, आणि मेलला उत्तर येतं ते मशीनचं. खात्यात पैसे नसले की मँडेट बाउन्स, बँकेचा दंड वेगळा, आणि मग वकिली भाषेतला मेसेज. ते घाबरवतात ते कलम काही खोटं नाही. २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ आहे, चेक बाउन्ससारखंच. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तीन हजारांच्या जाहिरातीसाठी रात्री अकरा वाजता माणूस हे कलम वाचत बसतो, यातच काय ते आलं. म्हणून सांगते, तोंडी आश्वासनावर मँडेटवर सही करू नका. महिन्याचे पैसे महिन्याला यूपीआयने देतो म्हणा. बघा, समोरच्याचा चेहरा कसा पडतो ते.

हे सगळं एक वेळ सोडून देईन. पण पुढची गोष्ट मात्र माझ्या डोक्यात जाते.

आमचं दुकान जुनं आहे. एसीच्या बाजूला आमचा स्टिकर असतो. एका काकूंचा स्टिकर पुसट झाला, म्हणून त्यांनी आमच्या दुकानाचं नाव गुगलवर टाकलं. आमचंच नाव, अक्षर न चुकता. वर काय आलं? डिरेक्टरीचं पान. वर आमचं नाव मोठ्या अक्षरात, दुकानाचा फोटो, आणि खाली नंबर. तो नंबर आमचा नाहीच! डिरेक्टरीने दिलेला नंबर, त्यावर फोन केला की आधी त्यांच्याकडे जाणार आणि मग तिथून आमच्याकडे वळणार. वळला तर वळला. आणि आमच्या नावाच्या पानावरच, "तुमच्या जवळचे आणखी एसी रिपेअर" म्हणून दुसऱ्या चार दुकानांची रांग. काकूंनी कुठलंसं बटण दाबलं आणि संध्याकाळी त्यांच्या घरी दुसराच माणूस हजर. नंतर त्याच मला म्हणतात, "अगं, तुमचा नवा मुलगा आला होता, पैसे फार घेतो गं तो!"

म्हणजे ज्या बाईकडे आम्ही दर मार्चला जातो, जिच्या घरी चहा झाल्याशिवाय निघता येत नाही, ती आमचं नाव शोधते आणि तिचं लीड होतं. आम्ही पैसे भरले तर आमचंच गिऱ्हाईक आम्हाला "लीड" म्हणून विकणार. नाही भरले तर शेजारच्याला विकणार. वर आम्ही पैसे न भरताही आमचं पान तिथे असतंच. कुणी टाकलं, कधी टाकलं, कुणाला विचारून टाकलं? सुरुवात अशी असते, आणि मग फोन येतो, "मॅडम, तुमच्या पेजला खूप ट्रॅफिक आहे, तुम्ही फायदा का घेत नाही?" अहो, तो ट्रॅफिक म्हणजे आमची माणसं आहेत! आमच्या नवऱ्याने टेरेसवर उन्हात आउटडोअर युनिट उघडून जोडलेली.

हे फोन कुठल्या नंबरवरून येतात तेही बघा. जाहिरातीच्या फोनसाठी ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १४०ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. हे येतात साध्या दहा आकडी मोबाइलवरून. नोकरदार माणूस अनोळखी नंबर कापतो आणि मोकळा होतो. आमची ती चैन नाही. अनोळखी नंबर म्हणजेच गिऱ्हाईक! प्रत्येक फोन आशेने उचलायचा आणि पलीकडून, "मॅडम, ओनर से बात हो सकती है?" अशा नकोशा फोनांसाठीच्या १९०९ नंबरवर तक्रार करावी तर पुढचा फोन नव्या नंबरवरून. वर काही जण "गुगलमधून बोलतोय, व्हेरिफिकेशनचे पैसे भरा नाहीतर लिस्टिंग बंद" म्हणतात. गुगलवरचं दुकानाचं प्रोफाइल फुकट असतं, त्याच्या व्हेरिफिकेशनलाही पैसे लागत नाहीत. शेजारच्या टेलरकाकांना मी हे सांगेपर्यंत त्यांनी भरून टाकले होते.

आता चांदण्या, म्हणजे डिरेक्टरीवर गिऱ्हाईक देतं ते स्टार रेटिंग. एसीतला गॅस वापरून संपत नाही. बंद पाइपात तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती शोधून बंद केल्याशिवाय गॅस भरण्यात अर्थ नाही. नवरा हे सांगतो. गळती शोधायला वेळ लागतो, कधी कॉइल बाहेर काढावी लागते, पैसे जास्त होतात. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही नुसता गॅस भरा हो. हा नाही म्हणतो. झालं, एक चांदणी: "काम केलं नाही, व्हिजिट चार्ज घेतला." दुसरा येतो, वीस मिनिटांत गॅस भरतो, थंडगार हवा लागते, आणि तिथल्या तिथे त्यांचाच मोबाइल हातात घेऊन पाच चांदण्या टाकून घेतो. दोन महिन्यांनी गॅस पुन्हा उडतो. तेव्हा ती पाचवी चांदणी कोण काढायला जातं? काम टिकलं की नाही हे पावसाळ्याच्या तोंडाशी कळतं, आणि चांदण्या पडतात कामाच्या दिवशीच. अशा आकड्यावर ४.९वाला वर आणि आम्ही खाली.

त्या एका चांदणीला उत्तर लिहायला गेले, तर त्यांचा माणूस म्हणाला की मोठ्या पॅकेजमध्ये "रेप्युटेशन सपोर्ट" मिळतो. आणि व्हॉट्सॲपवर पाच चांदण्यांचे रिव्ह्यू नगावर विकणारे येतात ते वेगळेच. कायदा नाही असं नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायला बंदी आहे. २०२२च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकही काढलं, पण ते पाळणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मर्जीवर सोडलेलं काय पाळलं जातं ते डोंबिवली स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर येऊन बघा.

कुणालाच फायदा होत नाही असं म्हणणार नाही. घरसामान हलवणाऱ्यांना होत असावा. आमचा एक ओळखीचा आहे, तो दरवर्षी पॅकेज घेतो आणि कुरकुरत नाही. त्याचं गिऱ्हाईक एकदाच येतं, अनोळखी असतं, आणि एका कामाचं बिल वीस हजारांच्या घरात. शंभर फालतू फोनांतून दोन कामं मिळाली तरी त्याचं भागतं. नव्या गावात नवं दुकान टाकलं, कुणी ओळखत नाही, तर पहिले काही महिने ठीक. पण ज्याचं काम पाचशे-सहाशेचं, हद्द तीन-चार किलोमीटरची, आणि गिऱ्हाईक दरवर्षी तेच, त्या एसीवाल्याने, प्लंबरने, गिझरवाल्याने, शिकवणीवालीने यात का पडावं? आम्हाला काम देतो सोसायटीचा वॉचमन. काम देतो बिल्डिंगचा व्हॉट्सॲप ग्रुप, जिथे "चांगला एसीवाला आहे का कुणाकडे" विचारलं की तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी आमचा नंबर टाकतं. आता आम्ही स्टिकर न पुसणाऱ्या शाईचे छापून घेतलेत आणि प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला फेब्रुवारीत मीच मेसेज करते. त्याला तीन हजार लागत नाहीत.

पॅकेज बंद झालं, मँडेट बँकेत जाऊन रद्द केलं. उरलं ते आमच्या नावाचं पान. ते काढून टाका म्हणून तीनदा लिहिलंय. उत्तर आलं, "आपल्या व्यवसायाची माहिती ग्राहकांच्या सोयीसाठी ठेवण्यात येते." आणि दुसऱ्या दिवशी नव्या मुलीचा फोन, गोड आवाजात. "मॅडम, तुम्ही लिस्टिंगमध्ये इंटरेस्ट दाखवला होतात ना?"