"चालू कॅमेरा बिघडवून दिला": १ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की पोलरॉइडचा एसएक्स-७० अल्फा १ (फोटो लगेच बाहेर देणारा घडीचा जुना कॅमेरा) आमच्याकडे पूर्ण सर्व्हिसिंग आणि ६०० कन्व्हर्जनसाठी, म्हणजे त्यात ६०० नावाची फिल्म चालावी म्हणून करायच्या बदलासाठी, दिलात आणि परत मिळाला तेव्हा तो "मेलेला" होता. दुसरं पॅक टाकल्यावर सुरू झाला, पण घरातले सगळे फोटो काळपट आले. तिसऱ्या पॅकचे शेवटचे दोन फोटो बाहेरच आले नाहीत. फोटोंवर ठिपके आहेत, पुढे लावलेली "काळी जीभ" मध्ये येते आणि चामड्याचा कोपरा पंधरा दिवसांत सुटला. तुम्ही सोबत टाकलेले सहाही फोटो मोठे करून पाहिले, म्हणून सविस्तर उत्तर देता येतंय. यातली एक चूक सरळसरळ आमची आहे आणि आणखी एकीत आमचा वाटा आहे.

आधी "मेलेला" कॅमेरा. फोटोत टेबलावर पडलेला खोका आय-टाइप फिल्मचा आहे. एसएक्स-७० च्या अंगात स्वतःची बॅटरी नसते. मोटर, शटर, इलेक्ट्रिक आय (उजेड मोजणारा डोळा) या सगळ्यांना वीज मिळते ती फिल्मच्या पॅकच्या तळाशी बसवलेल्या ६ व्होल्टच्या चपट्या बॅटरीतून. आय-टाइप पॅकमध्ये ती बॅटरीच नसते, कारण ते चार्जिंगवाल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी काढलंय. आकार तोच असल्याने पॅक बसतं, झाकण लागतं आणि पुढे काहीच होत नाही. ते पॅक वाया गेलेलं नाही. मोटर फिरलीच नाही, म्हणजे फिल्मवरचं काळं आवरण जागेवरच आहे, आय-टाइप कॅमेऱ्यात ते चालेल.

आता काळपट फोटो. त्यावरूनच तुम्ही १ स्टार दिलाय असं दिसतं. दुसऱ्या पॅकचा फोटो मोठा केला तर लेबलवर एसएक्स-७० लिहिलेलं वाचता येतं. ही फिल्म १६० आयएसओची, ६०० ची फिल्म ६४० ची (आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो). म्हणजे बरोबर चौपट, दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कॅमेऱ्याचा इलेक्ट्रिक आय उजेड मोजत जातो, सर्किटमधल्या कॅपॅसिटरचा भार ठरल्या पातळीला पोचला की शटरची पाती मिटतात. कन्व्हर्जनमध्ये आम्ही तो कॅपॅसिटर काढून लहान बसवतो, म्हणजे पाती एक चतुर्थांश उजेडातच मिटतात. ६०० ला तेवढा उजेड पुरतो. एसएक्स-७० फिल्मला त्याच कॅमेऱ्यात हवा त्याच्या पावपट उजेड मिळतो आणि फोटो काळा येतो. तुमच्या सहांपैकी चार फोटो असेच आहेत, आणि चारही सारखेच काळे आहेत. शटर अडकत असतं तर एक काळा, एक पांढरा, एक बरा असं आलं असतं.

इथे आमचा वाटा येतो. कन्व्हर्जननंतर कॅमेऱ्यावरची अक्षरं "एसएक्स-७०" च राहतात, माणूस दुकानात जाऊन त्याच नावाची फिल्म घेतो, यात त्याचं काय चुकलं? आम्ही सोबत दिलेल्या कार्डावर "फक्त ६००, बॅटरीवालं पॅक" ही ओळ मागच्या बाजूला आणि इंग्रजीत होती. यापुढे फिल्मच्या झाकणाच्या आतच मराठीत स्टिकर लागेल. पॅक टाकताना तिथे नजर जातेच.

एसएक्स-७० ची उरलेली फिल्म असेल तर लेन्सच्या बाजूचं एक्स्पोजरचं चाक पूर्ण पांढऱ्या बाजूला फिरवा. बराच काळोख हटेल, पण दोन स्टॉप भरून निघणार नाहीत. ती भर दुपारी बाहेर संपवलेली बरी.

तिसऱ्या पॅकचे "अडकलेले" दोन फोटो मुळात नव्हतेच. जुन्या पॅकमध्ये १० फोटो असत आणि कॅमेऱ्याचा काउंटर १० वरून उलटा मोजतो. पोलरॉइडने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्म बंद केल्यावर इम्पॉसिबल प्रोजेक्टने नेदरलँड्समधल्या एन्शेडेच्या कारखान्यात ती नव्याने बनवायला घेतली. या नव्या फिल्मच्या पॅकमध्ये ८ फोटो असतात. म्हणून आठवा फोटो आला की काउंटरवर २ दिसतात आणि पॅक रिकामं असतं. त्यानंतर बटण दाबलं तरी मोटर फिरते, आवाज येतो, बाहेर काही येत नाही. २ दिसले की संपलं, एवढं धरून चाला.

ठिपक्यांचं कारण रूळ. तुमच्या शेवटच्या दोन फोटोंत ते एका रेषेत आणि सारख्या अंतरावर आहेत. फोटो बाहेर येताना दोन स्टीलच्या रुळांमधून दाबला जातो आणि खालच्या पांढऱ्या पट्टीतली पेस्ट चित्रभर पसरते. त्या पेस्टचा कण रुळावर वाळून बसला की रुळाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिपका उमटतो. दुसऱ्या पॅकच्या फोटोंवर ठिपके नाहीत, म्हणजे घाण वापरात साचली आहे. प्रत्येक पॅक संपल्यावर झाकण उघडा, कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा, रुळाच्या टोकाचा गिअर बोटाने हळूहळू फिरवत दोन्ही रूळ पुसा, कोरडे होऊ द्या. नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका, ओरखडा कायमचा राहतो. पेस्ट क्षारीय असते, हाताला लागली तर लगेच धुवा.

काळी जीभ काढून टाकायचा विचार करताय, तो करू नका. ती मूळ कॅमेऱ्यात नव्हती, आम्हीच बसवली. फोटो रुळांतून सुटल्यावर पहिले काही सेकंद आजची फिल्म उजेडाला फार हळवी असते. जीभ त्याला झाकून धरते. फोटो ओढू नका, जिभेखालून अलगद घ्या आणि तोंड खाली करून ठेवा. रंगीत फोटो पूर्ण यायला साधारण १५ मिनिटं लागतात. हलवून काही लवकर येत नाही, उलट बिघडायची भीती.

सिंहगडावरचा फोटो पांढरट आणि पिवळसर आहे. त्यात दोन वेगळी कारणं मिसळलीत. पिवळा रंग उष्णतेचा: ही फिल्म १३ ते २८ अंशांत नीट चालते, आणि पॅक दुपारभर गाडीत होतं हे तुम्हीच लिहिलंय. मे महिन्यात बंद गाडीत काय होतं ते सांगायला नको. पांढरटपणा मात्र कन्व्हर्जनची खरी मर्यादा आहे. या शटरचा सर्वात जलद वेग १/१७५ सेकंद. कडक उन्हात ६४० च्या फिल्मला याहून लवकर मिटणारी पाती हवी असतात, ती या यंत्रात नाहीत. चाक काळ्या बाजूला फिरवून थोडाफार फरक पडेल, पूर्ण नाही. हे काम घेतानाच सांगायला हवं होतं, तेही मान्य.

चामड्याचा कोपरा ही सर्वस्वी आमची चूक. जुन्या चामड्याखालचा वाळलेला डिंक तिथे पूर्ण निघाला नसणार, नवी चिकटपट्टी त्या थरावर बसली आणि थरासकट सुटली. कृपा करून फेव्हिक्विक लावू नका. त्याची वाफ लेन्सवर आणि आरशावर पांढरा थर धरते. ॲसिटोन तर अजिबात नको, कॅमेऱ्याचं अंग धातूसारखं दिसलं तरी मुलामा दिलेलं प्लास्टिक आहे आणि ॲसिटोन ते खातं.

आम्ही काय करू ते आता सांगतो. चामडं दोन्ही बाजूंचं नव्याने, विनाशुल्क. रूळ साफ करून देऊ आणि ६०० चं एक पॅक आमच्या खर्चाने तुमच्यासमोर टाकून आठही फोटो काढू. एसएक्स-७० फिल्मच वापरायची असेल तर मूळ कॅपॅसिटर परत जोडू, त्याचेही पैसे नाहीत. मग कधी ६०० वापरावीशी वाटली तर पॅकवर ठेवायचा दोन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारा राखाडी पडदा) मिळतो. तो लेन्सवर लावण्यापेक्षा पॅकवर बरा, कारण कॅमेरा एसएलआर असल्याने, म्हणजे आपण लेन्समधूनच बघत असल्याने, लेन्सवर लावला की व्ह्यूफाइंडरही काळोखा होतो. पण घरातल्या उजेडात या मार्गाचा उपयोग नाही. फिल्टर दोन स्टॉप खातो आणि शटर १६० च्या फिल्मइतकंच रेंगाळतं, हात हलतो. तुमचे बहुतेक फोटो घरातले आहेत, त्यामुळे आमचा सल्ला कन्व्हर्जन ठेवण्याचाच आहे. वाया गेलेल्या एसएक्स-७० पॅकचे अर्धे पैसे देऊ. आय-टाइप पॅकचे आणि गाडीत तापलेल्याचे देणार नाही.

६०० चं पॅक टाकताना अडलं तर जोर लावू नका. त्याच्या बुडाला बारीक गाठी असतात, त्या अडतात. जुनं व्हिजिटिंग कार्ड पॅकखाली धरून सरकवा आणि पॅक बसलं की कार्ड ओढून घ्या.

सोमवार सोडून कधीही या. रिकामी पॅकं टाकून दिली नसतील तर तीही आणा, त्यांच्या बॅटरीचा व्होल्टेज मोजून पाहू आणि तळाची तारीखही वाचू.