आईचे बांधलेले हात आणि आज स्मशानभूमीत ऐकलेले एक वाक्य

आज सकाळी नऊ वाजता आमच्या गल्लीतील एका ज्येष्ठ गृहस्थांच्या रक्षाविसर्जनासाठी पंचगंगा स्मशानभूमीत गेले होते. तेवीस दिवस अतिदक्षता विभागात काढल्यानंतर त्यांच्या दोन्ही मुलांनी त्यांना घरी आणले होते आणि घरी आल्यावर चार तासांत त्यांनी प्राण सोडला. नैवेद्य ठेवून आम्ही सगळे कावळ्याची वाट पाहत उभे होतो. तेवढ्यात माझ्या मागे उभ्या असलेल्या एक काकू शेजारणीला म्हणाल्या, "मशीन काढून घरी आणलं म्हंजे पोरांनीच सोडवला की म्हाताऱ्याला." त्यावर एका सुशिक्षित गृहस्थांनी भर घातली, "कायद्यानं बघायला गेलं तर हा खूनच आहे." थोरल्या मुलाने हे ऐकले. तो मान खाली घालून केळीच्या पानावरचा भात उगाच सारखा करीत राहिला. मी काहीही बोलले नाही. घरी येऊन दोन तास झाले, तरी ते न बोलणे घशाखाली उतरत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

त्या गृहस्थांनी कायद्याचे नाव घेतले नसते तर मी कदाचित गप्प बसले असते. स्मशानात लोक काहीही बोलतात. पण ज्या कायद्याच्या नावाने त्या मुलाला खुनी ठरवले गेले, तो कायदा असे म्हणत नाही. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने सांगितले आहे की, सन्मानाने मरण येणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि बरे होण्याची आशा उरली नसेल, तर केवळ मरण लांबवणारे उपचार ठरलेल्या पद्धतीने थांबवता येतात. विषाचे इंजेक्शन देणे आजही गुन्हाच आहे आणि तो तसाच राहावा. परंतु यंत्र थांबवून माणसाला त्याच्या आजाराच्या वाटेने जाऊ देणे आणि त्याला मारणे यांत फरक आहे, हे आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केल्यालाही आता कितीतरी वर्षे झाली.

मला हे सगळे २०१९ मध्ये ठाऊक नव्हते.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये माझी आई शहरातील एका खासगी रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होती. वय ८३, फुप्फुसाचा जुना आजार. सहाव्या दिवशी पहाटे तिने घशातील नळी स्वतःच्या हाताने ओढून काढली. डॉक्टरांनी नळी पुन्हा बसवली आणि तिचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधले. त्यासाठी एका छापील कागदावर नातेवाइकाची सही लागते. ती मी केली. ज्या हातांनी तिने दर उन्हाळ्यात वर्षभराची कांदा-लसूण चटणी कालवली, तेच हात माझ्या सहीने बांधले गेले. भेटायच्या वेळेत मी आत गेले की ती माझ्याकडे बघायची आणि मग मनगटाकडे बघायची. नळीमुळे तिला बोलता येत नव्हते.

सतराव्या दिवशी मी डॉक्टरांना सरळ विचारले की, ही बरी होऊन घरी येईल का. ते नाही म्हणाले. मग नळी काढता येईल का, असे विचारल्यावर ते म्हणाले की कायदा परवानगी देत नाही, तुम्हाला हवे असेल तर डामा करून घेऊन जा. हा शब्द ज्यांनी ऐकला नसेल ते सुखी आहेत. डामा म्हणजे, डॉक्टरांचा सल्ला डावलून आम्ही आमच्या जबाबदारीवर रुग्ण घरी नेत आहोत, असे लिहून देणे. आता इथला खोटेपणा पाहा. डॉक्टरांना ठाऊक असते की उपचारांचा उपयोग नाही, नातेवाइकांना ठाऊक असते, आणि तरीही कागदावर असे उमटते की डॉक्टर वाचवू पाहत होते आणि घरच्यांनी उचलून नेले. आज सकाळी त्या मुलावर जो आरोप झाला, तो त्या काकूंनी रचलेला नव्हता. तो आधीच एका छापील फॉर्मवर लिहिलेला होता आणि त्याखाली त्या मुलाकडूनच सही घेतलेली होती.

पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, "अक्का, तू म्हणशील तसं." मी डामाच्या कागदावर सही केली नाही, कारण मला भीती वाटली. एकविसाव्या दिवशी आई गेली, तेव्हा तिचे हात बांधलेलेच होते. आणि तिच्या रक्षाविसर्जनाला याच घाटावर, बहुधा यांतल्याच काही लोकांनी माझ्याबद्दल काय म्हटले असेल? "लेकीनं शेवटपर्यंत काही कमी पडू दिलं नाही." ज्याने बापाला त्याच्या स्वतःच्या खोलीत, नातवंडांच्या आवाजात मरू दिले तो खुनी, आणि जिने आईला बांधून ठेवले ती गुणी लेक. या हिशेबाला आपण नीती म्हणतो.

मुलांच्या मनात जमीन असू शकते, हे मला मान्य आहे. सात-बारावर नाव लावण्याच्या घाईत असलेली मुले आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. पण म्हणूनच तर न्यायालयाने एवढी कडक पद्धत घालून दिली. २०१८ मध्ये ती इतकी कडक होती की, रुग्णालयाचे वैद्यकीय मंडळ, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले मंडळ आणि शेवटी रुग्णाला प्रत्यक्ष भेटायला येणारे न्यायदंडाधिकारी, एवढा सगळा प्रवास व्हेंटिलेटरवरच्या माणसाने करायचा होता. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने स्वतःच ती सुटसुटीत केली. आता रुग्णालयातच तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे आणि प्रत्येकाने साधारण ४८ तासांत मत द्यायचे. त्याच्याही आधी, म्हणजे २०११ च्या निकालानुसार, प्रत्येक कुटुंबाला उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत असे. आपल्याकडे कोल्हापुरात तर १८ ऑगस्ट २०२५ पर्यंत उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही नव्हते. गडहिंग्लजच्या किंवा चंदगडच्या एखाद्या शेतकऱ्याने आईची नळी काढण्यासाठी मुंबईला वकील लावला असता का?

तो २०११ चा निकाल अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. हल्लेखोराला सात वर्षांची शिक्षा झाली. अरुणा यांना या जगण्यातून मुक्त करावे अशी याचिका झाली, तेव्हा त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांनी विरोध केला आणि न्यायालयाने त्यांचेच ऐकले. निर्णय घेण्याचा अधिकार इतकी वर्षे सेवा करणाऱ्यांचा आहे, असे मानले. पूर्वी मला त्या परिचारिकांचा राग यायचा. आता येत नाही. ज्यांनी रोज कूस बदलली, त्यांना तो देह ओझे वाटला नाही, यात अनीती कुठे आहे? तरीही माझ्या मनातला प्रश्न तसाच राहतो, कारण आईची कूस मीही बदलली होती आणि मला नळी काढायची होती.

आपल्याकडचे लोक मरणाला घाबरतात असेही नाही. शिरोळ-हातकणंगलेकडे एखाद्या मुनींनी सल्लेखना, म्हणजे मरेपर्यंत हळूहळू अन्न-पाणी सोडण्याचे जैन व्रत, घेतली की दर्शनाला रांगा लागतात, आणि त्यांत केवळ जैन असतात असे मुळीच नाही. चिकोडीकडच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर छत्तीस दिवसांची सल्लेखना घेतली. त्यांचे नाव आजही इकडे हात जोडून घेतले जाते. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने या व्रताला आत्महत्येचा गुन्हा ठरवले, तेव्हा देशभर मूक मोर्चे निघाले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या वेळी कायदा चुकला आणि लोकांची नीती बरोबर होती, असे माझे मत आहे. मग हाच समाज अतिदक्षता विभागाच्या दारात आल्यावर एवढा कसा बदलतो? व्रत म्हणून अन्न सोडले तर पुण्य, आणि म्हाताऱ्या माणसाच्या घशातून प्लास्टिकची नळी काढली तर खून!

यावर कोणी म्हणेल की मुनी स्वतः ठरवतात, तुझ्या आईने कुठे ठरवले होते? हा प्रश्न मला गेली सहा-सात वर्षे झोपू देत नाही, त्यामुळे तो कोणी नव्याने विचारण्याची गरज नाही. डॉक्टर म्हणाले होते की अशा अवस्थेत रुग्णाला भ्रम होतो, तो नळ्या ओढतो, त्याला इच्छा समजू नये. ते खरेही असेल. पण आईने सहाव्या दिवशी जे केले ते तिच्या शेवटच्या शुद्धीतले एकमेव स्पष्ट बोलणे असेल तर? तिच्याजवळ बोलण्यासाठी हातच उरले होते आणि ते बांधण्याचा कागद माझ्यापुढे आला. मी शिक्षिका होते. तीस वर्षे मुलांना कागद नीट वाचल्याशिवाय सही करू नये असे शिकवले. तो कागद मी वाचला नव्हता.

सकाळपासून त्या डॉक्टरांवर मनातल्या मनात बरेच तोंडसुख घेतले, पण खरे सांगायचे तर आता राग तेवढा उरलेला नाही. रुग्ण गेला की काचा फोडायला माणसे जमतात, पोलीस ठाण्यात बसावे लागते, आणि अशा वेळी निकालपत्र हातात धरून कोणी त्यांच्या बाजूला उभे राहत नाही. ज्या यंत्रणेने निकाल खालपर्यंत पोहोचवायचा, तिने तो पोहोचवला नाही. महाराजांच्या गावात राहून हे मला विशेष टोचते. शाहू महाराजांनी अस्पृश्यता मोडण्यासाठी हुकूम काढले आणि तेवढ्यावर न थांबता गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलसमोर गाडी थांबवून, सर्वांच्या देखत चहा घेतला. २०१८ च्या निकालाला असा चहा पिणारा कोणी भेटलेला नाही. कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५ मध्ये निदान आपल्या रुग्णालयांसाठी आदेश काढला; कागलच्या पुढे गेले की तो आदेश लागू होतो आणि कागलच्या इकडे आपण डामावर सह्या करतो.

त्या काकूंबद्दलही एक लिहायला हवे. घरी येताना आठवले की त्यांचे यजमान अर्धांगवायूने अकरा वर्षे अंथरुणाला होते आणि त्यांनी एकटीने त्यांचे सगळे केले. दुसऱ्या कोणी तेवीस दिवसांत थांबायचे ठरवलेले पाहून त्यांना आपली अकरा वर्षे आठवली असतील. वाक्य चुकीचेच होते. पण मी उद्या त्यांच्याकडे जाणार आहे, भांडायला नाही. त्या गृहस्थांकडे मात्र निकालाची मराठीतली चार पाने पाठवणार आहे, आणि थोरल्या मुलाला सकाळी जे म्हणायला हवे होते ते संध्याकाळी जाऊन म्हणणार आहे.

मी माझे वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे मला सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत याचा कागद, लिहून काढले आहे. ते कोऱ्या कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहिता येते. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते. गेल्या आठवड्यात एका नोटरींकडे गेले, तर त्यांनी आधी विचारले, "घर कुणाच्या नावावर करायचं आहे?" समजावून सांगितल्यावर त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मॅडम, याची एक कोरी प्रत मलाही द्या." कागदात चौथ्या ओळीत मी लिहिले आहे की, कोणत्याही परिस्थितीत माझे हात बांधू नयेत. माझी मुलगी ते वाचून उठून आत गेली आणि अजून त्या विषयावर बोललेली नाही. तिला साक्षीदार करणार नाही. हे वाचणाऱ्या ओळखीच्यांपैकी ज्यांना जमेल अशा दोघांनी साक्षीदार म्हणून शनिवारी अकरा वाजता आधार कार्ड घेऊन यावे.